पाइनवरच्या सुरवंटांची घरटी मोजायची कशी

नैऋत्य फ्रान्सच्या लांद भागात सागरी पाइनची लागवड नजर पोचेल तिथवर आहे. हिवाळ्यात तिच्या शेंड्यांवर पांढरे रेशमी गोळे दिसतात. ही रांगेने चालणाऱ्या पाइन-सुरवंटांची घरटी. मोजणी डिसेंबर-जानेवारीत उरका; पुढे सुरवंट मातीत शिरायला खाली उतरतात आणि पायांत येतात. घरट्याला हात लावू नका, रिकाम्यालाही नाही. आतले बारीक केस त्वचेला आणि डोळ्यांना छळतात. कुत्रा घरीच ठेवा, त्याने नुसतं हुंगलं तरी जिभेवर बेतू शकतं.

दुर्बिणीने शेंडा पाहा, आधी दक्षिणेकडून, कारण घरटी बहुधा उन्हाच्या बाजूला असतात. मग झाडाच्या पलीकडे जाऊन पुन्हा पाहा. शरद ऋतूतली विरळ, सोडून दिलेली जाळी धरू नका. घट्ट गोळा तेवढा मोजा.

आता खरी मेख. ‘रस्त्याने फिरा, दोन्हीकडची झाडं मोजा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. मादी पतंग कडेच्या, मोकळ्या उजेडातल्या झाडांवर जास्त अंडी घालते, त्यामुळे रस्त्यावरून सगळं जंगलच पोखरलेलं वाटतं. म्हणून कड आणि आतला भाग वेगळे धरा. दोन्हींत ठरावीक अंतराने झाड घ्या, मनात भरेल ते नव्हे. शून्य आलं तर शून्यच लिहा; ‘इथे काही नाही’ म्हणून झाड गाळणारे माझ्या डोक्यात जातात.

समजा, कडेला झाडामागे सरासरी 2 घरटी आहेत, आत 0.2, आणि कड क्षेत्राच्या 10 टक्के. मग जंगलाची सरासरी: कडेचे 2 × 0.1 = 0.2, आतले 0.2 × 0.9 = 0.18, मिळून 0.38. दोन आकड्यांची सरळ सरासरी काढली तर 1.1 येते, जवळपास तिप्पट! फवारणीचा खर्च याच आकड्यावर ठरतो.

घरटी पुंजक्यांत आहेत का, हे प्रचरणाला (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीने भागून कळतं. दहा झाडांवर 0, 0, 5, 0, 1, 0, 0, 4, 0, 0 असतील तर सरासरी 1 आणि प्रचरण साधारण 3.6. भागाकार 1 च्या बराच वर, म्हणजे पुंजके. पण हे गणित कडेचं वेगळं, आतलं वेगळं करा. दोन्ही एकत्र टाकलं की नुसत्या त्या फरकानेच प्रचरण फुगतं आणि नसलेले पुंजके दिसू लागतात. पुंजके जितके दाट, तितकी जास्त झाडं मोजावी लागतात.

कडेला पानझडी झाडांचं कुंपण असेल तर तो पट्टा तिसरा भाग धरा. तिथे आडोशामुळे घरटी कमी असतात.