अडकाल तिथंच लिहून ठेवा: कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅडव्हेंचर गेमचा रिव्ह्यू कसा करायचा

नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा ४५ च्या आसपास असतो, मग पोरं कूलरसमोर बसून गेम खेळून राहतात आणि खेळून झालं की "मस्त आहे", "बोर आहे", नाहीतर "८/१०" एवढं टाकून मोकळी होतात. गाड्यांच्या नाहीतर क्रिकेटच्या गेमला तेवढ्यानं थोडंफार भागतं. अ‍ॅडव्हेंचर गेमला नाही भागत, कारण हा गेम माणूस बहुतेक एकदाच खेळतो, कोडं सुटलं की सुटलं, परत ती मजा येत नाही. म्हणून वाचणाऱ्याला दोन गोष्टी पाहिजे असतात: पैसे आणि वेळ घालवावा का हे कळावं, आणि ते कळताना गेमची वाट लागू नये. थोडी मेहनत घेतली तर दोन्ही जमतं.

सगळ्यात आधी, हा कोणत्या जातीचा गेम आहे ते ठरवा

दुकानात हल्ली कशालाही अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा राजी दिसायला फार देखणा आहे, पण त्यात मारामारी आहे, हात चालला पाहिजे, त्याला वेगळी फूटपट्टी लागते. आपण बोलतोय त्या प्रकारात फिरायचं, लोकांशी बोलायचं, वस्तू गोळा करायच्या आणि डोकं चालवायचं. विल क्राउदरनं १९७६ मध्ये गुहेत फिरायचा नुसता अक्षरांचा गेम केला तिथून ही परंपरा सुरू होते, १९८० च्या मिस्टरी हाऊसमध्ये चित्रं आली, १९८७ च्या मॅनिअ‍ॅक मॅन्शनमध्ये टाईप करायच्या ऐवजी शब्दांवर क्लिक करायची सोय आली. यातही पोटजाती आहेत. १९९३ च्या मिस्टमध्ये तुम्ही जवळजवळ एकटे असता आणि यंत्रं समजून घेत बसता, तर टेलटेलच्या २०१२ च्या वॉकिंग डेडमध्ये कोडी नावापुरती, सगळा जोर निर्णयांवर. वॉकिंग डेडला "कोडी सोपी आहेत" म्हणून मार्क कापणं चूक आहे, त्यानं तो वादा केलाच नव्हता. त्यामुळे रिव्ह्यूच्या पहिल्या दोन ओळींतच जात सांगून टाका.

खेळताना वही जवळ ठेवा

साधी वही चालते, मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण लिहायचं गेम चालू असतानाच. काहून की उत्तर कळलं की दहा मिनिटांत डोकं सांगायला लागतं, "सोपंच तर होतं," आणि अडकल्यावर खरं काय वाटत होतं ते पुसून जातं. प्रत्येक अडकण्याला चार गोष्टी लिहा: कुठं अडकलो, काय काय करून पाहिलं, मदत घेतली का (वॉकथ्रू म्हणजे पायरी-पायरीनं उत्तरं देणारं गाईड, मित्र, गेममधलीच हिंट), आणि उत्तर कळल्यावर तोंडातून काय निघालं. ही चौथी नोंद सगळ्यात कामाची. "अरे हो की!" निघालं तर कोडं चांगलं. "हे कोणाला सुचणार?" निघालं तर गडबड आहे.

सराव करायचा असेल तर बिनीथ अ स्टील स्काय घ्या. १९९४ चा गेम आहे, २००३ पासून फुकट मिळतो आणि स्कमव्हीएम नावाच्या फुकट प्रोग्रामवर आजच्या कॉम्प्युटरवरही चालतो. सुरुवातीलाच कठड्याची सळई काढायची आणि तिनं दार उचकटायचं. यावर वहीत असं येईल: "दार बंद. सगळीकडे क्लिक केलं. सळई निघेल असं वाटलं नव्हतं, पण निघाल्यावर पटलं, दुसरं होतंच काय तिथं." एवढं पुरे, रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा अशा ओळींतूनच मत तयार होतं.

कोडं इमानदार आहे का

अ‍ॅडव्हेंचर गेमच्या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा असं मी म्हणेन, आणि बहुतेक लोक इथंच सगळ्यात कमी लिहितात. कोडं कठीण आहे का हा वेगळा प्रश्न, इमानदार आहे का हा वेगळा. कठीणपणा तर तर्रीपोह्यांवरच्या तर्रीसारखा, कोणाला किती झेपते ते ज्याचं त्यानं बघावं, तुम्ही फक्त किती तिखट आहे ते सांगा. पण इमानदारी तपासता येते. उत्तराकडे नेणारी खूण गेमनं आधी कुठंतरी दाखवली होती का? त्या पात्राच्या जागी बसून विचार केला तर ते करायचं कारण सापडतं का? आणि चुकलं तर परत फिरता येतं का?

१९९० च्या सिक्रेट ऑफ मंकी आयलंडमधली तलवारबाजी बघा. तिथं जिंकायचं ते टोमण्यांनी, समोरचा टोमणा मारतो, तुम्ही चपखल उत्तर द्यायचं. रस्त्यावर भेटणाऱ्या समुद्री चाच्यांशी हरता हरता तुम्ही टोमणे आणि उत्तरं गोळा करता, आणि मग खऱ्या उस्ताद बाईसमोर उभे राहता तर ती वेगळेच टोमणे मारते, एकही आधी ऐकलेला नाही! पण तुमच्याकडची जुनीच उत्तरं त्या नव्या टोमण्यांना बसतात, फक्त कोणतं कुठं ते तिथल्या तिथं ओळखायचं. गेमनं आधी शिकवलं, मग शिकवलेलं फिरवून विचारलं, आणि हरलात तरी परत जाता येतं. याला मी पैकीच्या पैकी देतो.

आता उलटं. १९९९ च्या गॅब्रिएल नाईट ३ मध्ये मोटरसायकल भाड्यानं मिळावी म्हणून मित्राचं सोंग घ्यायचं, त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर घ्यायचे, सिरपनं त्याची मिशी चिकटवायची, आणि त्या मित्राला तर मिशीच नाही म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोवरही पेननं मिशी काढायची. एक एक पायरी सांगितली तर कळते, पण माणूस स्वतःहून तिथं पोचेल असं काही गेममध्ये नाही. गोष्ट चांगली असूनही त्या गेमचं नाव निघालं की लोकांना आधी मिशी आठवते.

त्याहून वाईट म्हणजे डेड एंड, आधीच्या चुकीमुळे पुढं जायचा रस्ताच बंद होणं. १९९० च्या किंग्ज क्वेस्ट ५ मध्ये बेकरीतून कस्टर्डचा पाय (pie, गोड पदार्थ) विकत घेता येतो, भूक लागली की खाताही येतो, आणि खाल्ला तर पुढं डोंगरावर यती (हिममानव) आला की त्याच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही, मेलात, आणि जुना सेव्ह (जपून ठेवलेला खेळाचा टप्पा) नसेल तर पहिल्यापासून. असं काही सापडलं तर रिव्ह्यूत ठळक लिहा, उत्तर न सांगता: "दोन-तीन वेगवेगळे सेव्ह ठेवा, एका ठिकाणी वस्तू वाया गेली की रस्ता बंद होतो." या एका वाक्यानं कोणाची तरी अख्खी सुट्टी वाचते.

हिंटची सोयसुद्धा तपासा. २००९ च्या मशिनेरियममध्ये पूर्ण उत्तर बघायचं तर आधी एक छोटा गेम खेळावा लागतो, म्हणजे मदत आहे पण सहज हात जात नाही, मला ही कल्पना फार आवडते. २०१७ च्या थिम्बलवीड पार्कमध्ये सोपा आणि कठीण असे दोन मोड आहेत, तर कोणत्या मोडमध्ये खेळलात ते न लिहिता "सोपा आहे" म्हणू नका. आणि आपल्यासाठी खास: इंग्रजी शब्दांच्या खेळावर कोडं टिकलं असेल, सबटायटल बारीक असतील किंवा वाचायच्या आधी पळत असतील तर आवर्जून सांगा, मराठी वाचकाला दुसरं कोणी हे सांगत नाही.

मशीनचा दोष गेमवर टाकू नका

मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून गेम अडखळत असेल तर तोच भाग रात्री परत चालवून बघा, मगच "गेम अडकतो" लिहा. लाईट गेल्यावर ऑटोसेव्ह कुठून उचलतो हेही बघून ठेवा.

मार्क

मी दहापैकी असे वाटतो: कोड्यांना ४, गोष्ट आणि संवादांना ३, चित्र-आवाज-संगीताला २, वापरायच्या सोयीला १. निर्णयांचा गेम असेल तर कोड्यांचे गुण गोष्टीकडे वळवतो, आणि तसं केलं हे लिहितो. डेड एंड असलेला नवा गेम माझ्याकडे ६ च्या वर जात नाही. जुन्या गेमला ही अट लावत नाही, तेव्हा पद्धतच तशी होती, पण साल आणि इशारा दोन्ही टाकतो. आकडा शेवटी ठरवा, मजकूर आधी, नाहीतर आकड्याला शोभेल असंच लिहिलं जातं. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाईन दुकान) तर आकडा नाहीच, अंगठा वर की खाली एवढंच आहे, तिथं "कोणाला आवडेल" हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा कामाचं.

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. म्हणून पहिल्या दोन तासांत गेम कसा वाटतो आणि पुढं तसाच राहतो का बदलतो हे नक्की लिहा. किती तास लागले, शेवटपर्यंत खेळलात का, मूळ की रीमास्टर (जुन्याचीच सुधारलेली आवृत्ती), फुकट मिळाला होता का, हेही खाली एका ओळीत.

टाकायच्या आधी

उदाहरणं पहिल्या तासाभरातलीच घ्या, पुढच्या कोड्यांची फक्त जात सांगा: यंत्राचं, संवादाचं, निरीक्षणाचं. २०१८ च्या ओब्रा डिनसारख्या गेममध्ये तर ६० माणसांचं काय झालं हेच शोधायचं असतं, तिथं एका माणसाचं नाव सांगणंसुद्धा जास्त होतं. मग हा गेम न खेळलेल्या एखाद्या दोस्ताला रिव्ह्यू वाचायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा: घेशील का, आणि यातलं कोणतं कोडं आता तुला सोडवता येईल? दुसऱ्याचं काही उत्तर आलं तर ते वाक्य काढून टाका.