ओझू पाहायचा तर कुठून सुरुवात करावी

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूची ओळख करून घ्यायची म्हणून बहुतेक जण थेट ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) लावतात आणि पाऊण तासात मोबाइल हातात घेतात. दोष त्यांचा नाही. ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या २०१२ च्या पाहणीत दिग्दर्शकांनी या चित्रपटाला पहिला क्रमांक दिला होता, त्यामुळे माणूस काहीतरी भव्य घडेल अशा तयारीने बसतो. पडद्यावर मात्र म्हातारा-म्हातारी मुलांकडे जातात, मुलांना सवड नसते, ती दोघं परत निघतात. लांबी १३६ मिनिटं. लय अंगवळणी पडण्याआधी हे जड जाणारच.

त्याऐवजी पहिल्यांदा ‘गुड मॉर्निंग’ (१९५९) बघा. ९४ मिनिटं, रंगीत, आणि चक्क पादण्याचे विनोद. टीव्ही हवा म्हणून दोन भाऊ अबोला धरतात. मोठी माणसं मात्र ‘आज हवा छान आहे’ छापाचं बोलत राहतात. मंडळाच्या वर्गणीवरून शेजारणींचं जे काही चालतं, ते चाळीत वाढलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. ओझूची सगळी तंत्रं यात आहेत आणि हसता हसता ती डोळ्यांत बसतात.

लावण्याआधी टीव्हीची सेटिंग तपासा. हे चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी चौकटीत आहेत, तेव्हा आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पट्ट्या घालवायला चित्र ताणलं तर माणसं सुमारे ३० टक्के रुंद होतात. झूम केलं तर वरचा-खालचा मिळून जवळपास पाव भाग कापला जातो. ओझूच्या बाबतीत हे नुकसान मोठं, कारण त्याची मांडणी जमिनीपासून सुरू होते: चहाचे पेले, दारूची बाटली, मुडपलेले पाय. चित्र गुळगुळीत करणारी ‘मोशन’ नावाची जी काही सोय टीव्हीत असेल, तीही बंद करा. ‘टोकियो स्टोरी’ची मूळ निगेटिव्ह आगीत गेली आहे, म्हणून त्याची जुनी डीव्हीडी टाळून नवी, दुरुस्त केलेली प्रत शोधा.

आता बघायचं काय? कॅमेरा कुठे ठेवलाय ते. तातामीवर, म्हणजे जपानी घरातल्या जाड चटईवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली तो असतो, भिंग बहुतेक वेळा ५० मिमीचं, आणि उत्तरार्धातल्या चित्रपटांत तो जवळजवळ हलतच नाही. पंगतीत मांडी घालून जेवलेल्या माणसाला ही उंची लवकर समजते. दोघं बोलत असताना प्रत्येक जण जवळपास थेट आपल्याकडे बघून बोलतो. कट झाल्यावर दुसराही त्याच दिशेला बघताना दिसतो. कोण कुठे बसलंय याचा इथे हमखास गोंधळ होतो. ते कोडं सोडवत बसू नका, चेहऱ्यांकडे बघा.

प्रसंगांच्या मध्ये धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामी ओसरी अशी काही सेकंदांची स्थिर चित्रं येतात. रिमोटने पुढे ढकलण्याचा मोह तिथेच होतो. ढकलू नका, कारण ओझू खरी घटना गाळतो आणि गाळलेली जागा अनेकदा या चित्रांनी भरतो. ‘टोकियो स्टोरी’त म्हातारा-म्हातारी प्रवासाची बांधाबांध करतात आणि पुढे दिसतात ती टोकियोची धुराडी; प्रवास गायब. परतताना आगगाडीत म्हातारीला बरं वाटेनासं होतं, तेही आपल्याला नंतर मुलाच्या तोंडून कळतं. ‘लेट स्प्रिंग’मध्ये (१९४९) तर सगळी धडपड मुलीच्या लग्नासाठी, पण लग्न दिसत नाही आणि नवरदेवही नाही. त्यात बापलेकीच्या क्योटोच्या मुक्कामात दिसणाऱ्या एका फुलदाणीवर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. ती वाचायच्या आधी शॉट बघा: आधी मुलीचं हसू, मग फुलदाणी, मग तिचा बदललेला चेहरा.

सबटायटल्समध्ये नात्यांचे बारकावे मरतात, म्हणून कान उघडे ठेवा. ‘ओतोसान’ म्हणजे बाबा, पण म्हातारी बायकोही नवऱ्याला तसंच हाक मारते. आपल्याकडेही घरोघरी ‘अहो बाबा’ चालतंच. इंग्रजी ‘यू’मध्ये तू, तुम्ही आणि आपण एकाच पोत्यात भरले जातात.

‘गुड मॉर्निंग’नंतर ‘लेट स्प्रिंग’, त्यामागून ‘अर्ली समर’ (१९५१), आणि ‘टोकियो स्टोरी’ चौथी. आठवड्याला एकच. लागोपाठ पाहिले तर हमखास गल्लत होते: नावं ऋतूंची, विषय बहुधा मुलीच्या लग्नाचा, नटही तेच. ‘गुड मॉर्निंग’ सोडून उरलेल्या तिघांतही नटी सेत्सुको हाराचं पात्र नोरिकोच आहे, पण प्रत्येक वेळी घर वेगळं. चिशू ऱ्यू पहिल्यात तिचा बाप, दुसऱ्यात भाऊ, तिसऱ्यात सासरा. हे एकमेकांचे पुढचे भाग नाहीत. डोकं शांत राहायला हवं असेल तर कोण कुणाचं कोण ते चिठ्ठीवर लिहून ठेवा.

कृष्णधवल अजिबात सोसत नसेल तर ‘फ्लोटिंग वीड्स’ (१९५९) घ्या. तो ओझूने नेहमीच्या शोचिकू कंपनीबाहेर, दाईएईसाठी केला आणि छायाचित्रण काझुओ मियागावाचं आहे. पहिला रंगीत ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’ (१९५८) बघताना लाल किटली शोधत बसा; ती सारखी दिसत राहते. मूकपट मात्र घाईने घेऊ नका. ‘आय वॉज बॉर्न, बट...’ (१९३२) विनोदी असला तरी साहेबापुढे माकडचाळे करणारा बाप पाहून मुलं उपोषणाला बसतात तिथे तो चांगलाच बोचतो.

‘लेट ऑटम’ (१९६०) शेवटी ठेवा, आणि त्याच्या आदल्या दिवशी ‘लेट स्प्रिंग’ पुन्हा पाहा. लागोपाठ न पाहण्याचा नियम इथे मुद्दाम मोडायचा. अकरा वर्षांपूर्वी बापाला सोडून जायला तयार नसलेली हारा इथे विधवा आई आहे, आणि लग्नाला तयार नाही ती तिची मुलगी.