अदलाबदलीत मिळालेल्या घेवड्याचं वाण कसं ओळखावं

बियांच्या अदलाबदलीत मिळालेल्या पुडीवर बहुतेक वेळा 'काळा घेवडा, वेलाचा' एवढंच लिहिलेलं असतं. मग दाण्याचा रंग बघून नाव ठरवायचा मोह होतो. तो आवरा. काळे, ठिपक्यांचे, अर्धे पांढरे दाणे कितीतरी पारंपरिक वाणांत सापडतात. खरी ओळख पटते ती झाडावर, आणि तीही एकेक झाड वेगळं पाहिलं तरच.

पेरण्याआधी

सगळं बी पेरू नका. दहाएक दाणे नमुना म्हणून बाटलीत ठेवा. मोजपट्टी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एक बाजूने आणि एक डोळ्याकडून. शेंगेपासून दाणा सुटतो तिथला वण म्हणजे डोळा. त्याभोवती वेगळ्या रंगाचं कडं आहे का, तेही टिपून ठेवा. जुनं बी काळवंडतं, फिकट दाणा तपकिरी पडतो, त्यामुळे रंगाचा निकाल नव्या पिकावरच लावायचा.

एक सावधगिरी इथेच घ्या. चकचकीत, चित्रविचित्र नक्षीच्या दाण्याला टोकाशी छोटा मऊसर गोळा दिसला, तर तो घेवडा नसून एरंड असू शकतो. एरंडाचं बी अतिशय विषारी असतं. ओळख पटेपर्यंत कुठलंच अनोळखी बी तोंडात टाकू नका. खुद्द घेवड्याचे वाळलेले दाणेही कच्चे खाल्ले तर बाधतात.

पुडीत दोन-तीन तऱ्हेचे दाणे असतील तर वेचून वेगळे करा, वेगळ्या ओळींत पेरा आणि प्रत्येक झाडाला क्रमांक द्या.

आधी जात, मग वाण

कोंब वर येताना दोन जाड दलं जमिनीबाहेर आली, तर तो साधा घेवडा असू शकतो. दलं मातीतच राहिली आणि थेट पानं वर आली, तर तो रनर बीन, म्हणजे घेवड्याची जवळची पण वेगळी जात, असण्याची शक्यता मोठी. ही खूण थोडेच दिवस दिसते, तेव्हा त्या आठवड्यात वाफ्याकडे लक्ष ठेवा.

वालही अशा पुड्यांत सर्रास मिसळलेला असतो. त्याच्या दाण्याच्या कडेला लांब, उठावदार पांढरी रेघ असते. फुलावरूनही फरक कळतो: घेवड्याच्या फुलातली मधली अरुंद पाकळी शंखासारखी वळलेली असते, वालाची काटकोनात वाकलेली.

फुलोरा

पांढऱ्या दाण्याच्या घेवड्याला साधारणपणे पांढरीच फुलं येतात. पांढरं बी पेरलं आणि फूल जांभळं आलं, तर बहुधा आदल्या हंगामात संकर झालेला आहे. तो बियात दिसला कसा नाही? कारण दाण्याची साल आईच्या झाडाची असते. परागकण कुणाचेही असोत, त्या वर्षी साल आईसारखीच निघते. बाहेरचा बाप पुढच्या पिढीच्या झाडावर उघडा पडतो. साध्या घेवड्यात असा संकर क्वचित होतो, कारण त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं. रनर बीनवर मात्र मधमाश्यांचा राबता असतो. शेजारी दुसरा रनर असेल तर शुद्ध बियाची खात्री धरू नका.

शेंग आणि दाणा

झाड बुटकं झुडूप आहे, थोडंफार सरपटतं की उंच वेल आहे, ते लिहा. शेंग तीनदा पाहा: कोवळी, भरलेली आणि वाळलेली. रंग, पट्टे, चपटी की गोल, आणि मोडल्यावर कडेची शीर निघते का, एवढं पुरे. जांभळी शेंग शिजल्यावर हिरवी होते, त्याचं नवल वाटून घेऊ नका.

काढणी झाडागणिक करा, प्रत्येक क्रमांकाची पिशवी वेगळी. सालीचा रंग आईकडून येत असल्याने एका झाडाचे सगळे दाणे एकाच रंगाचे निघायला हवेत. काही नक्षीदार वाणांत मधूनच रंग उलटलेले दाणे येतात, तो अपवाद. बाकी एका पिशवीत दोन रंग आले तर आधी वेल एकमेकांत गुंतले होते का ते आठवा. आणि सगळ्या शेंगा एका टोपलीत ओतल्या असतील, तर या प्रश्नाचं उत्तर कायमचं गेलं.

नाव जुळवताना

आता वर्णनांशी ताडून पाहा. 'जेकब्स कॅटल'चा दाणा पांढरा, त्यावर गडद तांबडे डाग, आणि झाड बुटकं. तुमचा तसाच दाणा आठ फुटी वेलावर आला असेल, तर ते नाव बाद. उलट काळ्या-पांढऱ्या दाण्याचं 'कॅलिप्सो' हेच वाण 'ऑर्का' आणि 'यिन यांग' म्हणूनही फिरतं. तिथे तीन नावं म्हणजे तीन वाणं समजू नका.

झाडाची ठेवण, फूल, शेंग, दाणा, चारही जुळलं तर नाव लिहा. तीनच जुळलं तर नावाआधी 'बहुधा' लिहा. काहीच जुळलं नाही, तर स्वतःचं नवं नाव ठेवण्यापेक्षा पुडीवर 'अनोळखी, उंच वेल, पांढरं फूल' असं वर्णन, वर्ष आणि बी कुणाकडून आलं ते लिहून पुढे द्या. ज्यांच्याकडून बी आलं, त्यांना झाडाचे फोटो पाठवायला विसरू नका. कधीकधी नाव त्यांच्याच जुन्या वहीत असतं.