बार्नचं घर घेताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये, विशेषतः एसेक्स आणि सफोकमध्ये, मळणीसाठी नि धान्य साठवायला बांधलेल्या जुन्या बार्नची घरं झालेली दिसतात. उंच छत आणि उघड्या ओकच्या तुळया पाहून माणूस हरखतो आणि नवं स्वयंपाकघर बघत बसतो. अशा घराची प्रत सांगाड्यावरून जोखायची असते.

कापलेली तुळई नजरेतून सुटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. छप्पर भिंतींना बाहेर ढकलत असतं आणि समोरासमोरच्या खांबांना बांधणारी आडवी तुळई त्यांना धरून ठेवते. वरच्या मजल्यावर डोक्याला लागू नये म्हणून घर करताना नेमकी तीच कापलेली सापडते. खणाखणाने (दोन खांबजोड्यांमधली जागा म्हणजे एक खण) चालत जा आणि प्रत्येक खांबजोडीवर तुळई आहे का पाहा. नसेल तर तिच्या जागी पोलादी आधार दिलाय का आणि त्याची स्ट्रक्चरल इंजिनिअरने केलेली आकडेमोड आहे का, ते मागा.

ओळंबा लावल्यावर खांब थोडा कललेला निघाला तर लगेच घाबरू नका, शतकांपूर्वीचा झोक बहुधा स्थिरावलेला असतो. नव्या प्लास्टरला तिरकी भेग किंवा सांध्यातून सरकलेली खुंटी दिसली, तर मात्र हालचाल अजून चालू असू शकते. रिकाम्या खाचांवरून तिथली तुळई काढलीय असा घाईने निष्कर्ष काढू नका. जुनं लाकूड पुन्हा वापरायची तिथे पद्धतच होती.

अखंड सांगाडा आधी डोळ्यांत भरून घ्यावा. हीथ्रो विमानतळाजवळचा हार्मंड्सवर्थचा बार्न त्यासाठी उत्तम: १५व्या शतकातला, १२ खणांचा, सुमारे ५८ मीटर लांब. हाउन्स्लो-स्लाव भागातल्या मराठी मंडळींना तर तो जवळच आहे.

विटांवर ओलाव्याचं मीटर टेकवून निदान करणं

दोन पिनांचं मीटर लाकडासाठी बनवलेलं असतं. जिथे गुरं बांधली जात, तिथल्या भिंतीत मूत्रातले क्षार मुरलेले असतात. ते हवेतला दमटपणा ओढतात, त्यामुळे मीटर उगाच चढतं आणि दमट दिवसांत डाग उमटतात. मग ओल थांबवायला भिंतीत रसायन टोचायचा सल्ला मिळतो, त्याने हे क्षार जात नाहीत. त्याआधी बाहेरची जमीन पाहा: ती आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल, तर पाणी आतच कोंडतं आणि लगतचं लाकूड कुजतं.

लाकडावर मात्र मीटर जरूर वापरा. २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की कुजण्याचा धोका. सुमारे ३ मिलिमीटरची भोकं लाकूड पोखरणाऱ्या डेथवॉच भुंग्याची. ती जुनीही असू शकतात, म्हणून वसंतात खाली ताजा भुसा पडतो का ते बघा.

छताच्या आतून उष्णता राखण्यासाठी स्प्रे फोम मारलेला असेल तर वासे तपासता येत नाहीत आणि अनेक कर्जसंस्था मागे हटतात.

कागद शेवटी बघणं

जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी संस्थेच्या यादीत इमारत आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा. यादीतल्या इमारतीत परवानगीविना केलेले बदल हा गुन्हा आहे, आणि ते पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते. त्याला कालमर्यादा नाही. ही परवानगी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकामाच्या नियमांचं) पूर्णत्वाचं प्रमाणपत्र वेगवेगळं असतं, दोन्ही मागा. सेप्टिक टाकीचं पाणी थेट ओढ्यात जात असेल, तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. सर्व्हे लेव्हल ३ चाच, म्हणजे सर्वांत सखोल, करून घ्या, तोही जुन्या लाकडी सांगाड्यांची जाण असलेल्या सर्व्हेअरकडून.