मुलगा की मुलगी हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं नाही तर घरच्यांनी काय करायचं

नाशिकला सिव्हिल असो की कॉलेज रोडचं एखादं प्रायव्हेट हॉस्पिटल, डिलिव्हरी झाली की बाहेर बसलेल्या आजीचा प्रश्न ठरलेला, पेढे आणू की जिलेबी? आणि क्वचित कधीतरी सिस्टर म्हणतात, थांबा, डॉक्टर बोलतील. बाळाची लघवीची जागा पाहून नक्की सांगता येत नाही असं होतं कधीकधी, याला इंटरसेक्स म्हणतात, फाइलवर डॉक्टर डीएसडी लिहितात. तर अशा वेळी अंदाजाने काहीही जाहीर करू नका. सिन्नर, दिंडोरीच्या पाहुण्यांना एवढंच सांगा की बाळ-बाळंतीण बरे आहेत, तपासण्या चालू आहेत. खरंच चालू असतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही होत नाही.

आता मुद्द्याचं. घरातले सगळे लिंगाच्या प्रश्नात अडकतात पण पहिले दोन आठवडे खरी काळजी असते ती मिठाची. लिंग चटकन न कळण्याचं एक मोठं कारण म्हणजे सीएएच हा जन्मजात आजार, यात किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत एक एन्झाइम कमी पडतं, बहुतेक वेळा 21-हायड्रॉक्सिलेज, मग कॉर्टिसॉल हे शरीराला लागणारं हार्मोन नीट बनत नाही आणि त्याचा कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. त्यामुळे गर्भाशय, अंडाशय सगळं जागेवर असलेल्या एक्सएक्स, म्हणजे मुलीची गुणसूत्रं असलेल्या बाळाचंही बाहेरचं अंग मुलासारखं दिसू शकतं. तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, वजन घटतं, मलूल पडतं, आणि हे बहुतेक दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे नेमकं बारशाच्या गडबडीत. तेव्हा "दूध बाधलं असेल" म्हणत गुटी उगाळत बसायचं नाही, रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, जीव जाऊ शकतो.

म्हणून डिस्चार्जआधी स्पष्ट विचारा: 17-ओएचपी पाठवली का? सीएएच ओळखायची ही रक्ततपासणी साधारण 48 तासांनंतर घेतात, कारण जन्मल्या जन्मल्या आकडा तसाही जास्त येतो. सोडियम, पोटॅशियम आणि शुगर बघितली का, आणि पुन्हा कधी बघायची? पोटाची सोनोग्राफी? कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, तिला वेळ लागतो, तिच्या रिपोर्टसाठी बाकीचं थांबवू नका. आणि बाळ मुलासारखं दिसतंय पण दोन्ही गोट्या हाताला लागत नाहीत, तरीसुद्धा हेच प्रश्न विचारा, हे फार सुटून जातं. लहान मुलांचे हार्मोनवाले डॉक्टर जवळ नसतील तर परळच्या वाडिया हॉस्पिटलसाठी चिठ्ठी मागा.

सीएएच निघालं तर कमी पडणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन रोज, आयुष्यभर. गोळी मोठ्यांची आणि डोस इवलासा, त्यामुळे पुड्या कशा करायच्या हे समोर बसून शिकून घ्या, वाटीत चुरा करून अंदाजे चिमूट असं चालत नाही. मीठ जाणारा प्रकार असेल तर मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि लहानपणी वरून मीठही मोजून देतात. ताप आला की डोस वाढवायचा असतो, किती ते आधीच कागदावर लिहून घ्या, फ्रिजवर चिकटवा. उलटीत गोळी पडली तर इंजेक्शन लागतं. कोणी कितीही सांगितलं तरी स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

सगळीच कारणं अशी तातडीची नसतात. सहा-सात आठवड्यांपर्यंत गर्भातल्या लिंगग्रंथी मुलगा-मुलगी दोघांच्या सारख्याच असतात, मग वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जीनमुळे वृषण बनायला लागतात आणि पुढचं सगळं हार्मोनवर चालतं. वाटेत कुठेही वेगळं वळण लागू शकतं. एखाद्या मुलीचं शरीर अँड्रोजनला, म्हणजे पुरुषी हार्मोनला प्रतिसादच देत नाही, गुणसूत्रं मुलाची, एक्सवाय, दिसायला चारचौघींसारखी, आणि कळतं कधी तर पाळी येत नाही तेव्हा. पंधरा वर्षं झाली आणि पाळी नाही तर "आमच्यात उशिराच येते" म्हणून थांबू नका. आणि आईने ग्रहणात काय चिरलं याची चौकशी तर कृपा करून बंद करा.

ऑपरेशनचं कोणी बोललं तर विचारा, लघवी अडतेय का, जिवाला धोका आहे का? नसेल तर माझं मत सरळ आहे, दिसणं "नीट" करायला तान्ह्या बाळावर सुरी नको, मोठं झाल्यावर ते स्वतः सांगेल. मद्रास हायकोर्टाच्या 2019 च्या निकालानंतर तमिळनाडूत अशा ऑपरेशनवर बंदी आली, जीव वाचवायचा असेल तरच सूट. बघायला विद्यार्थ्यांची रांग लागली किंवा कोणी मोबाईल काढला तर नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे.

जन्मनोंदणीला 21 दिवस असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी फॉर्मवर काहीतरी टिक करून मोकळं व्हायची गरज नाही, डॉक्टरांशी बोलून भरा. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात घातलं तर जादा फी पण लागत नाही, तोवर सोनू म्हणा की पिल्लू.