फिल्टर बदलला आणि ट्रक सुरूच होईना? या चुका टाळा

कालपर्यंत ट्रक चालत होता. आज डिझेल फिल्टर बदलला, आणि आता सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरतोय पण इंजिन उचलत नाही, म्हणजे सुरू होत नाही. अशी गाडी समोर आली की पहिला संशय जातो पंपावर, मग डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलवर, मग सेन्सरवर. अहो, सकाळी हे सगळं ठणठणीत होतं ना? मग दुपारी एकदम पंप कसा मेला? जिथे शेवटचा पाना लागला, शोध तिथूनच सुरू करा.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सेल्फ मारत बसणाऱ्यांवर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडतो आणि पेटतो. त्या फवाऱ्यासाठी दाब लागतो. फिल्टर बदलताना डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा तशीच राहिली की पंप ती हवाच दाबत बसतो. हवा दबते, दाब काही चढत नाही आणि नोझल उघडत नाही. ही हवा सेल्फने काढायची म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही पणाला लावायचे. शेवटी हवा निघते तेव्हा बॅटरी इतकी बसलेली असते की इंजिन पुरेसं फिरतच नाही, आणि पोरं म्हणतात, 'एअर काढली तरी होत नाही.' एका वेळी 10-15 सेकंद सेल्फ, मग दोन मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात मागे जा, पुढचा सेल्फ दुसऱ्याला मारू द्या आणि सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पण जळत नाही: बॅटरी, इंजिनाचा वेग, आत जाणारी हवा तापवणारा हीटर बघा. धुराचा मागमूसच नसेल तर डिझेल पोहोचलेलंच नाही. या दोन मिनिटांत निम्मं निदान होतं, पण थांबायला कुणाला वेळ आहे?

हवा डिझेल लाइनवरच्या छोट्या हँडपंपाने काढा. फिल्टरच्या माथ्यावरचा एअर स्क्रू सैल करा, पंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. वीस वेळा दाबून 'पंप खराब आहे' म्हणणारे मी रोज बघतो. रिकामा फिल्टर आणि रिकामी लाइन भरायला शंभराच्या वर दाबावं लागू शकतं. माझी सवय अशी की दंड भरून आला की अजून पन्नास. पंप हाताला कडक लागला पाहिजे. विजेचा पंप असेल तर चावी ऑन करून तो थांबेपर्यंत वाट बघा, असं तीन-चार वेळा.

कॉमन रेल इंजिनाचा (ज्यात सगळ्या नोझलना एकाच दाबाखालच्या नळीतून डिझेल मिळतं) नोझल पाइप सैल करून हवा काढू नका. जुन्या पंपाच्या गाडीत सगळेच ते करायचे, मीही केलंय. पण कॉमन रेलमध्ये नुसत्या सेल्फवर दाब शेकडो बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) जातो, चालू इंजिनात दीड हजाराच्या वर. ती धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, हात मात्र आतून सडू लागतो. तसं झालं तर पट्टी बांधून घरी जायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

आता माझी स्वतःची फजिती. एका ट्रकचा फिल्टर आणि वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) बदलला. एअर काढली, इंजिन उचललं, मिनिटभर चाललं आणि बंद. पुन्हा एअर, पुन्हा मिनिटभर. सगळे जोड हात फिरवून बघितले, कोरडे. डिझेल गळत नाही म्हणजे जोड पक्के, असं धरून मी फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा पंप, उतरवला. पंप चांगलाच होता. संध्याकाळ झाली. शेवटी फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर आत बुडबुड्यांची रांग. मग तीच नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडली आणि इंजिन तासभर हूं की चूं न करता चाललं. म्हणजे खोट टाकी ते फीड पंप या टप्प्यात. एकेक जोड खोलत गेलो तेव्हा बँजो बोल्टखाली (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) खाच पडलेला जुना तांब्याचा वॉशर सापडला. तो परत बसवणारा मीच.

फीड पंपापर्यंतची लाइन डिझेल ओढते. तिथला जोड ढिला असला की चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. उभ्या गाडीत डिझेल टाकीकडे परत उतरतं, म्हणून अशी गाडी संध्याकाळी सुरू होते आणि सकाळी रुसते. काही जण जुना वॉशर लाल तापवून मऊ करून वापरतात. चालतंही. ओढणाऱ्या बाजूला मी तसं करत नाही, नवाच टाकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. नवा फिल्टर मधल्या मोठ्या भोकातून डिझेल ओतून भरू नका: ते गाळलेलं डिझेल बाहेर पडायचं भोक असतं, कचरा थेट पंपात जातो. येणारी आणि रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) नळी उलटी लागलेली नाही ना बघा. टाकीचा कॉक उघडा. कनेक्टर लटकत ठेवू नका. फिल्टर पट्ट्याने करकचून आवळू नका. रबर टेकलं की हाताने साधारण पाऊण फेरा, नेमकं किती ते फिल्टरवर छापलेलं असतं. आणि स्टार्टिंग स्प्रे, म्हणजे हवेच्या वाटेत मारायचा चटकन पेटणारा फवारा? हीटर किंवा ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारी कांडी) असलेल्या इंजिनात तो मारणं म्हणजे आत फटाका लावणं. पिस्टन फुटल्यावर मला बोलावू नका.

इंजिन उचललं की लगेच गाडी काढू नका. पंधरा मिनिटं चालू ठेवा, टॉर्चच्या उजेडात जोड बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला उचलतंय का तेही बघा. तोवर मी जुना फिल्टर फेकत नाही. त्याचं रबर त्याच्यासोबत निघालंय की माथ्यालाच चिकटून राहिलंय, हे त्याच्याकडे बघूनच कळतं. आणि एकावर एक दोन रबरं बसली की ट्रक पुन्हा हवा घेणारच.