फ्लॅटमधले घर पर्यावरणपूरक करताना: सुरुवात ओल्या कचऱ्यापासून

घर पर्यावरणपूरक करायचे ठरले की अनेक जण बांबूचे टूथब्रश, तागाच्या पिशव्या आणि काचेच्या बाटल्या विकत आणण्यापासून सुरुवात करतात. घरात आधीच असलेली धडधाकट वस्तू काढून तिच्या जागी अशी नवी वस्तू आणली, तर कचरा वाढतोच. त्यापेक्षा घरातून रोज बाहेर काय जाते ते पाहावे. मग पहिले काम स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे आहे, हे लगेच लक्षात येते.

कचरा डेपोवरच्या ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो, ज्यामुळे डेपोंना लागलेल्या आगी लवकर विझत नाहीत. २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार डेपोच्या आगीचा धूर किती दूरवर पसरला होता, हे तिथल्या रहिवाशांना आठवत असेल. हाच कचरा घरी, हवा खेळती ठेवून कुजवला, तर मिथेन फारसा तयार होत नाही आणि हाती खत येते.

त्यासाठी वीस-पंचवीस लिटरच्या, झाकण असलेल्या तीन जुन्या बादल्या चौघांच्या कुटुंबाला पुरतात. प्रत्येक बादलीच्या बुडाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर छिद्रे पाडावीत, ती दोन विटांवर ठेवावी आणि खाली ताटली ठेवावी. तळाशी वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचा तीन-चार इंचांचा थर द्यावा. त्यावर रोजची साले, देठे आणि चहाचा चोथा बारीक चिरून टाकावा व तेवढ्याच आकारमानाच्या कोरड्या पाल्याने तो पूर्ण झाकावा. हा कोरडा थर कंटाळा करून टाळण्याजोगा नाही, कारण ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, तर कुजवणाऱ्या जीवाणूंना लागणारा कर्ब पाल्यातून मिळतो. पहिल्या खेपेला मूठभर तयार खत किंवा थोडे आंबट ताक शिंपडले की काम लवकर सुरू होते. दोन-तीन दिवसांनी एकदा काठीने सगळे खालीवर करावे.

घाण वास येऊ लागला, तर ओलावा जास्त झाला आणि हवा कमी पडली, असे समजून पाला वाढवावा व कचरा हलवावा. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाण्याची धार लागली तर ते फार ओले आहे. हाताला नुसता दमटपणा लागला तर योग्य आहे. मधूनच जाड, तपकिरी अळ्या दिसल्या म्हणून घाबरून सगळे फेकून देऊ नये, कारण त्या निरुपद्रवी असतात आणि कचरा झपाट्याने खातात. मात्र वरचा थर अपुरा पडतो आहे, हे त्यांच्यावरून ओळखावे. मांस-मासे आणि तेलकट उरलेले अन्न बादलीत घालू नये. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी महिनोन्‌महिने तशाच राहतात, म्हणून त्या वेगळ्या काढाव्यात. भरलेली बादली दीड-दोन महिने बाजूला ठेवली की काळसर, भुसभुशीत खत मिळते, ते चाळून एक भाग खत आणि तीन भाग माती या प्रमाणात कुंड्यांना घालावे.

ओला कचरा वेगळा झाला की सुका कचरा आपोआप स्वच्छ राहतो आणि कचरावेचकांना त्यातून विकण्याजोगा माल मिळतो. दुधाच्या पिशव्या मात्र विसळून, वाळवून द्याव्यात. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पुण्यातली पद्धत इतर शहरांनीही उचलावी अशी आहे, कारण ते बंडल कोणालाही उघडून पाहावे लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत आधी आरओ यंत्राकडे पाहावे. ते एक लिटर पाणी शुद्ध करताना बहुधा दोन-तीन लिटर सोडून देते. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, आणि धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात ते सहसा कमीच असतात, तर क्षार काढण्यासाठी आरओची गरज नसते. अतिनील किरणांनी जंतू मारणारे यूव्ही यंत्र किंवा उकळणे पुरते. बोअरवेलच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी. तिथे आरओ ठेवावे आणि सोडलेले पाणी फरशी पुसायला व भांडी विसळायला वापरावे. कुंड्यांना ते सतत घालू नये, कारण मातीत क्षार साचतात.

विजेत सर्वांत सोपी बचत पंख्याची आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला जवळपास २०० युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलण्याची घाई करू नये. ज्या खोलीतला पंखा सर्वांत जास्त तास चालतो तिथला आधी बदलावा आणि पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्यावा. एसी असेल तर तो २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. टीव्ही पाहून झाल्यावर सेट-टॉप बॉक्स रिमोटने न थांबवता भिंतीवरच्या बटणाने बंद करावा, कारण नुसता रिमोटने थांबवलेला बॉक्सही वीज खात राहतो.